मामा, माहा जादूगार मरते काऊन?

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीचा पोरगा आला आमच्याकडे, आठवीत आहे, आणि आल्या आल्या माझा जुना लॅपटॉप ताब्यात घेतला. त्यात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक टाकलेलं होतं, म्हटलं खेळ बावा, तर यानं पहिल्या फटक्यात मेज निवडला म्हणजे आपला जादूगार, कारण काय तर हातातून आग निघते. अर्ध्या तासानं पोट्टा वैतागून माझ्यापाशी, "मामा, माहा जादूगार दर खेपेस मरूनच जाते, काऊन?" जाऊन पाहिलं तर हा भाऊ लांडग्याच्या पार तोंडापाशी जाऊन उभा राहायचा आणि तिथून मंत्र सुरू करायचा. लांडगा चावून रायला, हा मंत्र म्हणून रायला. मरन नाही तर काय होईन.

मग चार-पाच दिवस रोज संध्याकाळी, लाईन असली की, त्याला समजावत बसलो. आमचं गाव आर्वी तालुक्यात, कापूस-तूर-संत्रा, अशा गेमबद्दल बोलायला इथं कोणी मिळत नाही, त्यामुळं मलाही बरं वाटलं खरं. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण पानठेल्यावरचे अजून दोन-तीन पोट्टे हेच विचारत असतात.

आधी हा गेम काय असते ते दोन वाक्यात. एकच मोठं जग, त्यात एकाच वेळी हजारो लोक आपापलं पात्र घेऊन फिरतात, राक्षस मारतात, लेव्हल वाढवतात. मोठ्या कामाला टोळी लागते आणि टोळीत तीन प्रकारची माणसं: एक पुढं उभा राहून मार खाणारा, त्याला टँक म्हणतात, एक मागून त्याचे घाव भरणारा हीलर, आणि बाकीचे मारा करणारे. आपला जादूगार त्या बाकीच्यात येतो. टँक लोखंड घालून असतो, जादूगाराच्या अंगावर फक्त कापड. आपण कापसाच्या मुलखातले, कापडाबद्दल वाईट बोलू नये, पण त्यानं तलवार अडत नाही. दोन-चार दणक्यात खेळ संपतो, आणि हे गेम बनवणाऱ्यानं मुद्दाम केलेलं आहे, कारण एवढा मोठा मारा लांबून करणाऱ्याला चिलखत पण दिलं तर बाकीचे कायले खेळतीन.

म्हणजे जादूगाराकडं खर्चायला तीनच गोष्टी आहेत, वेळ, अंतर आणि मना, म्हणजे मंत्राला लागणारी ताकद. आग-बर्फ हे सगळं दिसायला, खरा हिशोब या तिघांचाच.

वेळ आधी. तलवारवाला बटन दाबतो आणि घाव बसतो. जादूगाराचं तसं नाही, बटन दाबलं की स्क्रीनवर एक पट्टी भरत जाते, ती पूर्ण भरली तरच मंत्र सुटतो. याला कास्ट म्हणायचं. पोट्ट्याला हे समजेना तेव्हा त्याला म्हटलं, ज्वारीच्या वावरात आजोबा गोफण फिरवायचे ते आठवते का? दगड ठेवायचा, डोक्यावरून गरगर फिरवायची, मग एक टोक सोडायचं. फिरवता फिरवता तू चालायला लागला तर दगड खाली पडते, आणि फिरवताना कोणी हाताला हिसका दिला तर अजून दोन गरके घ्यायला लागतात. गेममध्ये डिट्टो हेच आहे. पट्टी भरत असताना एक पाऊल हललं की मंत्र रद्द. आणि कोणी तुम्हाला मारून रायलं असेल तर दर फटक्याला पट्टी थोडी मागं जाते. म्हणूनच याचा लांडगा याला खात होता, लांडगा दर चाव्याला याचा मंत्र लांबवत होता आणि याला वाटे की कीबोर्ड खराब आहे.

आकडे सांगतो म्हणजे अंतराचं पण डोक्यात बसेल. क्लासिकमध्ये वरच्या लेव्हलचा फायरबॉल ३.५ सेकंदांचा, फ्रॉस्टबोल्ट म्हणजे बर्फाचा बाण मुळात ३ सेकंदांचा, पण लेव्हल वाढताना मिळणारे टॅलेंटचे गुण त्यावर लावले की २.५ सेकंदांचा (सुरुवातीच्या लेव्हलला दोन्ही कमी वेळात निघतात, पण हिशोब तोच). बर्फाचा बाण साधारण ३० यार्डावरून मारता येतो. आपलं पात्र सेकंदाला ७ यार्ड पळतं, आता धरून चालू की लांडगा पण तेवढाच पळतो. पहिला बाण बसला की लांडगा निघाला. ३० भागिले ७, म्हणजे चार सेकंद आणि वर थोडं. एवढ्यात अडीच सेकंदांचा एकच बाण निघतो, दुसरा अर्ध्यात असताना लांडगा अंगावर.

पण बर्फाच्या बाणात अजून एक गंमत आहे, तो लागला की समोरच्याचा वेग ४० टक्के कमी होतो. मग ७ चे झाले ४.२. आता तेच ३० यार्ड यायला त्याला सात सेकंद लागतात. दोन बाण आरामात, तिसरा निघता निघता राहतो. आणि तो जवळ आला की तेव्हा फ्रॉस्ट नोव्हा दाबायचा, याला पट्टीच नाही, दाबला की तडक, तुमच्या भोवती १० यार्डात जो असेल त्याचे पाय ८ सेकंद जमिनीला गोठतात. तुम्ही पाठ करून मागं पळा, दोन सेकंदात बरंच अंतर होतं, वळा, आणि उरलेल्या सहा सेकंदांत अजून दोन बाण. मारलं की कधी कधी बर्फ लवकर तुटतो, ते नशिबावर. पण मोजा, एक पहिला, दोन तो येताना, दोन तो गोठलेला असताना, पाच बाण बसले आणि लांडग्याचा दात एकदा पण लागला नाही. आगीचा भक्त असलेल्या भाच्याला हा हिशोब मी वहीवर काढून दाखवला तेव्हा तो गप्प झाला. फायरबॉलचा एक एक दणका मोठा असतो, पण एकट्यानं फिरताना समोरच्याला थांबवणारा मंत्र जास्त कामाचा, हे माझं मत, आगवाले भांडतील तर भांडू द्या.

अजून एक बारीक गोष्ट. एक मंत्र दाबला की दुसरं जवळपास कोणतंही बटन दीड सेकंद चालत नाही, याला ग्लोबल कूलडाऊन म्हणतात. म्हणून घाबरून धडाधड सगळी बटनं दाबण्यात काही अर्थ नसतो, गेम तसंही दीड सेकंदाला एकच ऐकतो.

आता मना. मला विचाराल तर नवीन माणूस लांडग्यानं जेवढा मरत नाही तेवढा मना संपल्यानं मरतो. पात्राच्या खाली निळी पट्टी असते, प्रत्येक मंत्राला त्यातून थोडी जाते. संपली की जादूगार म्हणजे नुसता झब्बा घातलेला माणूस.

आमच्या वावरातली विहीर डोळ्यापुढं आणा. मार्च लागला की मोटर तासभर चालते, मग फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो, मोटर हवा ओढायला लागते, बंद करायची, झरा भरेपर्यंत बसायचं. तर निळी पट्टी म्हणजे विहीर आणि मंत्र म्हणजे उपसा. फरक एवढाच की खऱ्या विहिरीत मोटर चालू असताना पण झरा वाहत असतो, क्लासिकमध्ये मात्र झरा मेला कंजूष आहे. मना खर्च करणारा मंत्र सुटला की पुढचे पाच सेकंद झरा बंद. पाच सेकंद काहीच खर्च केलं नाही तरच तो पाझरायला लागतो. म्हणजे जो गडी दर अडीच सेकंदाला बाण मारून रायला त्याची विहीर कधीच भरत नाही, प्रत्येक बाणाला पाचाची मोजणी परत पहिल्यापासून. हे माहीत नसलं की माणूस म्हणतो माझी स्पिरिट एवढी वाढवली (झऱ्याची ताकद समजा) तरी मना का वाढत नाही. वाढेल कशी, तू झऱ्याला उघडूच देत नाही.

इथं एक जुनी युक्ती आहे जी मला कोणी सांगितली नव्हती, पंचवीस लेव्हल झाल्यावर स्वतःच लक्षात आली आणि डोक्याला हात लावला. जादूगाराला एक छोटी छडी मिळते, वाँड. तिचा मारा बारका असतो पण तिला मना लागत नाही. समोरच्याचा जीव थोडाच उरला की मंत्र बंद करायचे आणि छडीनं संपवायचा. त्यात चार-सहा सेकंद जातात, आणि तेवढ्यात काय झालं? पाच सेकंदांची मोजणी पूर्ण झाली, झरा सुरू झाला. मारणं पण चालू आणि विहीर पण भरून रायली. सुरुवातीच्या लेव्हलला तर कधी कधी छडीच मंत्रापेक्षा भारी पडते.

आणि पाणी. जादूगार चौथ्या लेव्हलपासून स्वतः पाणी तयार करू शकतो, सहाव्यापासून खायचं पण. खाली बसून ते प्यायलं की मना भराभर वाढते. भाच्याला बसायचाच कंटाळा, अर्धी पट्टी असतानाच पुढच्या लांडग्यावर, मग पळ, मग मर, मग भूत होऊन स्मशानातून आपल्या मढ्यापर्यंत पळत ये, त्यात तीन मिनिटं. पाणी प्यायला वीस-तीस सेकंद लागतात. आठवीच्या पोराला एवढं गणित येतं, पण धीर धरवत नाही. त्याला म्हटलं तुम्ही पोट्टे नशीबवान आहात बे, १९९९ ला एव्हरक्वेस्ट नावाचा गेम आला होता, त्यात मना भरायची असली की जादूगारानं खाली बसून मंत्राचं पुस्तक उघडून ठेवायचं आणि ते पुस्तक स्क्रीन झाकून टाकायचं, ३५ लेव्हल होईपर्यंत माणूस नुसता त्या पानाकडं पाहत बसलेला, मागून कोणी येऊन चावलं तरी दिसायचं नाही.

पाण्याचं अजून एक. टोळीत गेला की सगळे तुम्हालाच पाणी मागतात, हीलर तर पहिलं. कुरकुरायचं नाही, गुपचूप काढून वाटायचं. लग्नाच्या पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरणाऱ्या पोराशी कोणी भांडते का?

टोळीत गेल्यावर मात्र नवीन भानगड सुरू होते, ती म्हणजे थ्रेट. राक्षस कोणाच्या मागं लागेल हे गेम मनात मोजून ठरवतो. जो जास्त मारतो त्याचं खातं वाढत जातं, ज्याचं खातं मोठं त्याच्यावर राक्षस. टँकला असे डाव असतात की कमी मारून पण त्याचं खातं फुगतं. आपण आग्या मोहोळाचं उदाहरण घेऊ. झाडावर मोहोळ आहे, एक जण घोंगडी पांघरून पुढं उभा आहे, तो मुद्दाम डिवचून माशा आपल्या अंगावर घेऊन रायला. आणि मागून तुम्ही उघड्या अंगानं असा मोठा धोंडा मारला की माशांना घोंगडीवाल्याचा विसर पडला. मग पळा आता नाल्यापर्यंत.

याचे पण आकडे आहेत. क्लासिकमध्ये टँकच्या खात्यात १००० असतील तर जवळून मारणारा ११०० च्या वर गेला की राक्षस त्याच्याकडं वळतो, पण लांब उभ्या असलेल्याला १३०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे लांब उभं राहायचं अजून एक कारण मिळालं. आणि लढाई सुरू झाल्या झाल्या टँकच्या खात्यात काहीच नसतं, तेव्हाच नवीन पोरगा सगळ्यात मोठा मंत्र टाकतो, कधी कधी तर तो क्रिटिकल बसतो, म्हणजे नशिबानं दीडपट मारा, आणि राक्षस सरळ याच्याकडं. मी म्हणतो दोन-तीन सेकंद हात बांधून उभं राहा, टँकला चार फटके मारू दे. तेवढं कोणाला जमत नाही.

आता मेंढीचं सांगतो, त्यात माझीच फजिती आहे.

आठव्या लेव्हलला जादूगाराला पॉलिमॉर्फ मिळतो. समोरच्या माणसाला, जनावराला मेंढी करून टाकायचं. ती मेंढी इकडं तिकडं फिरत राहते, कोणाला त्रास देत नाही. चार राक्षस अंगावर येऊन रायले असतील तर एकाची मेंढी केली की लढाई तिघांशी, ते मेले की मग मेंढीकडं पाहायचं. जादूगाराची टोळीत जी किंमत आहे त्यातली अर्धी या एका मंत्रामुळं. पण अटी आहेत. एका वेळी एकच मेंढी. भूत, राक्षसी आत्मे, दगडाची माणसं, यांच्यावर चालत नाही. मेंढी असताना तिचे घाव भराभर भरतात, म्हणून अर्धमेल्या शत्रूची मेंढी करण्यात तोटा. आणि सगळ्यात मोठी अट, तिला जरासा पण धक्का लागला की ती परत माणूस होते.

तर मी पहिल्यांदा पाच जणांच्या टोळीत गेलो तेव्हा मोठ्या रुबाबात मेंढी केली, सगळे खुश. मग बाकीचे तीन राक्षस टँकभोवती गोळा झालेले दिसले, मला नवीनच आर्केन एक्स्प्लोजन मिळालं होतं, चहूकडं १० यार्डात सगळ्यांना लागणारा मंत्र, म्हटलं एका दगडात तीन. गेलो मधोमध आणि दाबला. मेंढी तिथंच चरत होती, बाजूला. ती उठली, आणि ती होती त्यांच्यातला हीलर, त्यानं बाकीच्यांना भरभरून बरं केलं, माझ्या अंगावर दोघं आले कारण कापडवाला गर्दीत जाऊन उभा आहे म्हटल्यावर, आमचा हीलर मला वाचवायच्या नादात टँकला विसरला आणि मिनिटभरात पाचही जण आडवे. टोळीतला कोणी तरी परदेशातला होता, त्यानं चॅटवर एकच शब्द लिहिला, मेंढी, आणि पुढं प्रश्नचिन्ह. आजही सोयाबीनवर फवारणी करताना शेजारच्या वावरात कोणाच्या शेळ्या दिसल्या की मला तेच आठवतं. पसरणारा मंत्र आणि फवारा सारखेच, आधी बाजूला कोण उभं आहे ते पाहायचं, मग दांडा दाबायचा.

समोर दुसरा माणूस खेळणारा असला की जादूगाराला अजून एक डाव शिकायला लागतो. काउंटरस्पेल म्हणून एक मंत्र आहे, समोरचा पट्टी भरत असताना तो मारला की त्याचा मंत्र तुटतो आणि त्या जातीचे सगळे मंत्र त्याला दहा सेकंद बंद. बर्फाचा तुटला तर बर्फाचं सगळं बंद, आग मात्र चालू राहते, म्हणून दोन्ही हाताशी असावं. हाच प्रकार समोरचा तुमच्यावर पण करतो. मग उपाय काय, तर हूल. कबड्डीत चढाई करणारा उजवीकडं झुकतो, बचाववाला झेपावतो, आणि हा डावीकडून स्पर्श करून परत. तसंच पट्टी सुरू करायची, अर्ध्यात एक पाऊल हलून मुद्दाम तोडायची. समोरच्यानं घाईत आपला डाव हवेत मारला की आता त्याचं हत्यार काही काळ रिकामं, मग तुम्ही निवांत खरा मंत्र म्हणा. पट्टी सुरू करून तोडली तर मना जात नाही, ती मंत्र सुटल्यावरच जाते, त्यामुळं हूल फुकट आहे. भाच्याला सगळ्यात जास्त हेच आवडलं, शाळेच्या कबड्डीत आहे तो.

मंत्र कधी कधी लागतच नाही, त्याबद्दल थोडक्यात. आपल्याच लेव्हलच्या शत्रूवर शंभरात ९६ लागतात, एक लेव्हल वरचा असेल तर ९५, दोन वरचा तर ९४, आणि तीन वरचा असला की एकदम ८३ वर येतं. पायरी नाही, तिथं खड्डाच आहे. म्हणून तीन लेव्हल मोठा शत्रू बघितला की मर्दानी दाखवायची नाही. आणि आगीच्या राक्षसाला आग मारायची नाही, हे सांगायला पण लाज वाटते पण लोक मारतात. मोल्टन कोअर नावाची चाळीस जणांची मोठी मोहीम आहे, तिथं बहुतेक आगीचेच राक्षस, आगीचा फारसा उपयोग नाही, म्हणून तिथं जाताना आगीचे मोठमोठे जादूगार पण मुकाट्यानं बर्फ शिकून जातात.

आता ज्याच्याकडं लॅपटॉप नाही, फक्त मोबाईल आहे, त्याचं काय. गावात बहुतेकांचं तेच. क्लासिकला दर महिन्याचे पैसे पण लागतात, त्यामुळं मी पोट्ट्यांना ओल्ड स्कूल रुनस्केप सांगतो, २०१८ पासून मोबाईलवर आहे, फुकट सुरू करता येतो, साध्या फोनवर चालतो. दिसायला जुनाट आहे, चेहरे चौकोनी, पण जादूचा हिशोब तिथं वेगळाच आणि मजेदार आहे.

तिथं मनाची पट्टीच नाही. प्रत्येक मंत्राला रून नावाचे दगड लागतात, मंत्र मारला की ते खर्च झाले, बियाणं-खतासारखं. फायर स्ट्राइक हा १३ लेव्हलचा मंत्र घ्या, एका वेळेला तीन आगीचे दगड, दोन हवेचे आणि एक माइंड रून. शंभर वेळा मारला तर ३००, २०० आणि १००. पण हातात आगीची काठी घेतली की आगीचे दगड लागतच नाहीत, कितीही मारा, म्हणजे अर्धा खर्च तिथंच वाचला. एकदा काठी घेतली की सुटलो, ठिबकचा पाईप टाकल्यासारखं. (दगडाच्या आधीची पण पिढी आहे, १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये मंत्राला जडीबुटी लागायची, गंधकाची राख, कोळ्याचं जाळं आणि चक्क लसूण. आमची आई ऐकून म्हणे, मग फोडणी देऊन रायले का मंत्र मारून रायले.)

दुसरी गोष्ट, तिथं लोखंडी चिलखत घालून जादू केली तर मंत्र नीट लागत नाही, नुसतं पाण्यासारखं शिंपडल्याचं चित्र येतं आणि मारा शून्य. नवीन पोट्टे जपून जपून लोखंड घालतात आणि मग म्हणतात जादू बेकार आहे. झगा घाला. त्या गेमचं सूत्र असं की जादूगार लोखंडवाल्यावर भारी, बाणवाला जादूगारावर भारी, आणि लोखंडवाला बाणवाल्यावर भारी.

आणि झगा घालून जगायचं कसं, तर मचाणावर. त्याला ते लोक सेफस्पॉट म्हणतात. आपल्याकडं रात्री रानडुक्कर-रोही हाकलायला जागलीला जातो तेव्हा मचाणावर बसतो, डुक्कर खाली कितीही फुरफुर करू दे, वर येत नाही. तिथं शत्रू अक्कल कमी असल्यासारखे सरळ रेषेत येतात, मधे दगड, कुंपण, झाडाचा बुंधा असला की अडकून बसतात, आणि मंत्र मात्र वरून जातो. विझार्ड्स टॉवरच्या वरच्या मजल्यावर एक राक्षस पिंजऱ्यात बंदच ठेवलेला आहे, तो बाहेर येऊ शकत नाही, कित्येक वर्षांपासून नवीन जादूगार पिंजऱ्याबाहेर उभे राहून त्याच्यावर हात साफ करतात. मला त्याची दया येते कधी कधी. पण एक सांगून ठेवतो, तिथं ९९ ही शेवटची लेव्हल आणि ९२ म्हणजे अर्धा रस्ता, अनुभवाच्या गुणांत मोजलं तर. ९९ ला १,३०,३४,४३१ गुण लागतात, त्यातले निम्मे ९२ च्या पुढचे. त्यामुळं ९० झाली म्हणून पेढे वाटू नका.

रुनस्केप सांगायचं अजून एक कारण म्हणजे आपलं नेटवर्क. बटन दाबल्यापासून ते सर्व्हरला कळून उत्तर यायला जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात, सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. फायबरच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, समजा सर्व्हर सिंगापूरला आहे, तर मुंबई ते सिंगापूर साधारण ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चाळीसेक तर निसर्गाचेच गेले, त्याच्यापेक्षा कमी देव आला तरी होत नाही. वर टॉवरचे, राउटरचे, आणि समोरच्या घरात कोणी सिरियल पाहून रायलं त्याचे. आमच्याकडं गच्चीवर गेलं तर बरं येतं, घरात भिंतीआड कधी ८० कधी ६००. आणि ही अशी उडी जास्त वाईट, कायम २०० असलेलं परवडलं, त्याची हाताला सवय होते.

रुनस्केपचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं, ठोक्याच्या आधी तुमचं बटन पोहोचलं की झालं, दोनशेचा पिंग असला तरी फारसं बिघडत नाही. वॉरक्राफ्टमध्ये पण एक सोय आहे, चालू मंत्र संपायच्या शेवटच्या ०.४ सेकंदात पुढचं बटन दाबून ठेवलं तर गेम ते रांगेत लावतो आणि पहिला सुटला की लगेच दुसरा सुरू. म्हणजे पट्टी पूर्ण भरायची वाट पाहायची नाही, भरत आली की दाबायचं. लांबच्या सर्व्हरवर खेळणाऱ्या आपल्यासारख्यांचा यात लय फायदा होतो आणि जादूगाराला सगळ्यात जास्त, कारण त्याचं सगळं काम पट्टीवर. काउंटरस्पेल मात्र पिंगवर अवलंबून, तिथं गच्चीशिवाय इलाज नाही.

लाईनचं पण पाहून घ्यायचं. थ्री फेजचं टाइमटेबल, डीपीवर किती लोड आहे, ढग आलेत का. टोळीत जायच्या आधी सांगून ठेवा की लाईन गेली तर मी गायब होईन, लोक समजून घेतात. न सांगता गायब झाला तर पुढच्या वेळी घेत नाहीत. माझ्या लॅपटॉपची बॅटरी पंधरा मिनिटं टिकते, म्हणून मी लाईन गेली की आधी मेंढी करतो आणि मग इन्व्हर्टर पाहायला पळतो.

बटनांचं एकच, माउसनं मंत्राच्या चित्रावर क्लिक करत बसू नका. रोजचे चार मंत्र १ ते ४ वर, आणि जीव वाचवणारे, नोव्हा वगैरे, बोटाला न पाहता सापडतील अशा ठिकाणी. भाच्यानं नोव्हा शिकल्यावर पहिल्या दिवशी तो ० वर ठेवला होता, लांडगा आला की उजव्या हातानं माउस सोडून ० शोधायचा. मी तो क्यू वर आणून दिला.

काल सुट्टीचा शेवटचा दिवस. मी खळ्यावरून आलो तर पोट्टा लॅपटॉपसमोर, बारावी लेव्हल, समोर दोन लांडगे, एकाची मेंढी केलेली, दुसरा गोठलेला. मागं सरकला, दोन बाण, उरलेला छडीनं. मग मेंढीकडं वळला नाही, थोडा लांब जाऊन एका झाडामागं खाली बसला. आतून बहिणीनं जेवायला तिसऱ्यांदा आवाज दिला, भाकरी थंडी होऊन रायली म्हणे. हा हलायला तयार नाही.

"थांब ना माय," म्हणते, "याले पाणी पिऊ दे आधी."